बसल्या जागी चहा

माय, मागच्या आठवड्यात आम्ही दोघं समुद्रावरून फिरून आलो आणि आल्यापासून मी नुसती पडून आहे. दमावं असं तिथं काही नव्हतंच. मुलांनी हौसेनं पाठवलं होतं, खास आमच्यासारख्या म्हाताऱ्या जोडप्यांची चार दिवसांची सहल. जहाज केवढं, तर आपल्या मलकापूरचा आठवडी बाजार आत भरवावा एवढं. जिने चढायला नकोत, लिफ्ट. यांच्या गुडघ्यांना तेवढंच बरं. उचलायचं नाही, रांधायचं नाही, आरामखुर्चीत बसायचं आणि पाण्याकडं बघायचं. मला मेलीला बसायचीही सवय नाही, दुपारपर्यंत पाठ धरली. दुसऱ्या दिवशी गणवेशातली एक बाई बसल्या जागी चहा घेऊन आली. तिनं कप हातात दिला आणि मला तू आठवलीस. कप तसाच खाली ठेवला. यांना म्हटलं, चहा फार गोड झालाय.

तुझी बोट मी ठरवली होती. महाराष्ट्र नुकताच झालेला, मुंबई आपली झाली असं जो तो सांगायचा, आणि मी मॅट्रिक होऊन शाळेत शिकवायला लागले होते. आपल्या गल्लीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. त्याचा मला किती ताठा होता हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. शाळेतल्या एका बाईंचं माहेर रत्नागिरीचं. मुंबईला सकाळी बोटीत बसलं की संध्याकाळी घरी, वाटेत काही करायचं नाही, असं त्या सांगायच्या. मी ते तुला चुलीपुढं सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात थांबवून म्हणालीस, "काहीच नाही करा लागत? चायबी नाही?" मी म्हटलं, चहासुद्धा बसल्या जागी येतो. तू तव्यावरची भाकरी उलटायची विसरलीस. लग्नापासून तू कुठं गेलीस तर दुसऱ्याच्या घरच्या लग्नात पोळ्या लाटायला.

बाबा जिनिंगमध्ये इंजिनावर. कापसाचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा तो थेट उन्हाळ्यापर्यंत, तेवढे महिने त्यांना गावाबाहेर पाऊल टाकता येत नसे. दसऱ्याआधी महिनाभर इंजिन खोलून बसायचे. राहिले आषाढ-श्रावण. रजा म्हणजे पावसाळ्यातच, हे आपल्याकडं इतकं ठरलेलं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रत्नागिरीच्या बाईंना एका शब्दानं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण त्या दिवसांत मी कुणाला काही विचारत नसे, सगळ्यांना सांगत असे.

निघताना गल्लीतल्या बायकांनी तुझी ओटी भरली आणि आपापल्या नावाचा एकेक नारळ दिला, दर्यात सोडायला. सात नारळांचं गाठोडं बाबांनी रेल्वेत मांडीवर धरलं होतं. तू नवं लुगडं नेसली होतीस आणि दर स्टेशनावर मला विचारत होतीस, "समिंदर आला का वं?"

भाऊच्या धक्क्यावर पोचलो तर सगळं सामसूम. मुख्य फाटक बंद. पाऊस पडत होता, लाटा भिंतीवर आपटत होत्या. छत्री घेतलेला एक पहारेकरी आला आणि आपल्याकडं, ट्रंकेकडं, नारळांकडं पाहून म्हणाला, "पावसाळ्यात कसली बोट, बाई? गणपतीच्या सुमाराला सुरू होते. कुठून आलात?" बाबांनी मलकापूर सांगितलं. "तिकडं समुद्र नाही ना, म्हणून," असं तो अगदी सहज म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, पण मला वाटलं जमीन दुभंगावी. बाबा माझ्याकडं वळले. "शिकली म्हनतेस ना वं? मंग येवढं नाही इचारता आलं?" सबंध आयुष्यात ते माझ्यावर एवढं एकदाच चिडले. तू मध्ये पडलीस. "काऊन तिच्यावर गुरगुरता? बोट नाही तं नाही. समिंदर तं हाये." मग धक्क्याच्या कडेला जाऊन एकेक नारळ पाण्यात सोडलास, प्रत्येक बाईचं नाव घेऊन. नंतर छपराखाली ट्रंकेवर बसलीस, शिदोरी सोडलीस, आणि दुपारच्या गाडीची वेळ होईपर्यंत तशीच समोर बघत बसलीस. चहा बाबांनी आणून दिला. तुझं जहाज एवढंच.

घरी आलो तर सगळ्या ओट्यावर जमल्या. "बसल्या का जहाजात?" तू आधी माझ्याकडं पाहिलंस. मी नजर खाली घातली. "बसली ना!" तू म्हणालीस. "काय सांगू बायांहो, बसल्या जागी चाय येते अन् कप हालत नाही. खाली इंजिन चाल्ते आपल्या जिनिंगवानी, पन असं बारीक, का मानसाले झोपच लागते." बाबा रांजणाच्या पाण्यानं पाय धूत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला आधी हायसं वाटलं आणि मग किळस आली. खोटं बोलते, मिरवते, असं मनात आलं. पुढं किती वर्षं तू ते सांगत राहिलीस. दर वेळी त्यात काही ना काही भर पडायची. एकदा तर जहाजातल्या एका म्हातारीनं तुझ्याजवळ आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं होतं.

आणि मग माझ्या घरचं ते हळदीकुंकू. बुलढाण्याच्या, आमच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या, सगळ्या शुद्ध बोलणाऱ्या. तू कोपऱ्यात बसून "चाय येते अन् कप हालत नाही" सुरू केलंस आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली, माय. आज सरळ लिहिते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पुरे आता. तू बोटीत बसलीच नव्हतीस." तू हसून म्हणालीस, "हाव वं. मीच भुलली." आणि कपबशा गोळा करून मोरीत गेलीस. बराच वेळ विसळत होतीस. त्यानंतर ती गोष्ट तुझ्या तोंडून कुणी ऐकली नाही.

तू गेल्यावर, तेराव्याची माणसं पांगली तेव्हा, बाबा म्हणाले, "थे बोटीचं काऊन सांगे, म्हाईत हाये का तुले? गल्लीतल्या बाया म्हनल्या असत्या, पोरीले शिकवली अन् मायबापाले फजित करून आनली. मंग दुसऱ्या कोनी आपल्या पोरीले शाळेत धाडली असती का?" माझ्यानंतर आपल्या गल्लीतल्या चार मुली मॅट्रिक झाल्या, हे मला तोवर माझ्यामुळं झालं असं वाटत होतं.

जहाजावर एका दुपारी मी पडले होते आणि पलंगाखालून इंजिनाचा आवाज येत होता. अगदी बारीक. खरंच झोप लागते, माय. तू न बसता ते कसं बरोबर सांगितलंस कोण जाणे. ट्रंकेवर बसून दुपारपर्यंत तू मनानं बोटीतच तर बसली असशील.

काल शेजारच्या दोघीतिघी सहलीचं विचारायला आल्या. मला बोलायचाही कंटाळा आला होता, म्हटलं छान झाली. एकीनं विचारलं, "तुमच्या घरात बोटीत बसलेल्या तुम्हीच पहिल्या ना?" हे समोरच होते, त्यांना सगळं माहीत आहे. मी म्हटलं, "नाही. आमची माय बसली होती. रत्नागिरीपर्यंत गेली होती, बाबांबरोबर." मग चहा केव्हा आला, कप कसा हलला नाही, ती म्हातारी काय म्हणाली, सगळं सांगितलं, तुझ्याच बोलीत. यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाया गेल्यावर मी कपबशा उचलल्या आणि मोरीत नेल्या, आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला.