शब्द पुरवू नकोस

१२ जून

चि. ठमूस,
पोटभर आशीर्वाद.

मेंदूच्या झटक्यानंतर बाबांचा हात आता बराच वळतो. सुतारकीच्या खोलीत जाऊन रंधाही धरतात. शब्द मात्र हाती लागत नाहीत. वस्तू ओळखतात, नाव निसटतं. काल मी हत्यारं ओळीने मांडून एकेक विचारत बसले. रंधा बरोबर सांगितला. मग करवतीलाही रंधा, पटाशीलाही रंधा! शेवटी पाठ फिरवून बसले.

अडखळले की मी लगेच शब्द पुरवते. माझ्या तोंडाला कुठे सुट्टी असते म्हणा! तू तिकडे माणसांना चित्रं दाखवून नावं वदवून घेतेस, त्यावर संशोधन करतेस. मग घरच्या माणसासाठीही काही सांग की.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्यावर जीव आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी,
आई

१९ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

यात बाबांचं चुकलं नाही, तुझंही नाही. एका जातीच्या वस्तू लागोपाठ विचारल्या की आमच्याकडे धडधाकट माणसंही अडखळतात. एक नाव उच्चारलं की ते मनात पुढे सरकतं आणि त्याची भावंडं मागे पडतात. प्रत्येक बोलण्यातून आपण काहीतरी शिकत असतो, नको तेसुद्धा. म्हणून रंध्यानंतर चमचा विचार, मग खिडकी, मग करवत.

आणि शब्द लगेच पुरवू नकोस. आपला आपण शोधलेला शब्द जास्त टिकतो. थोडं थांब, अगदीच नाही आला तर सांग. तुला हे जड जाणार, ठाऊक आहे! परवा फोनवर बाबा माझं नाव शोधत होते, तेव्हा मलाच थांबवेना. रोज परक्या माणसांसमोर शांत बसते, पण तिथे मीच पटकन सांगून टाकलं.

गुण येईलच अशी हमी देत नाही. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
ठमू

१० जुलै

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. चमचा, खिडकी, करवत असं करत करवत आली, मग पटाशीही. पण ते थांबणं! माणूस तांब्याकडे बघत तडफडतोय आणि मी पाणी हा शब्द गिळून बसलेय. तुझी आत्या आली होती. ती म्हणाली, वहिनी, इतकी कठोर कधी झालीस? मोरीत जाऊन रडले. तोंडून चुकून शब्द सुटायला नको म्हणून मग मी बोलणंच सोडलं. घर सुनं झालं.

रविवारी ते खुर्चीचा पाय घासत होते. मी शेजारी गप्प. त्यांनी हातातलं काम ठेवलं, तोंड उघडलं. भलताच शब्द आला, त्यांनी मान हलवून तो नाकारला. मी ओठ दाताखाली धरला. फार वेळ गेला. मग अख्खं वाक्य आलं. त्यांनी विचारलं, तू बोलत का नाहीस?

मग बोलले बाई! गळका नळ, आत्याचा फुगलेला गुडघा, तुझं वाळलेलं तोंड, सगळं. ते घासत राहिले, मधूनच हसले. तुमच्या संशोधनात हे कुठे बसतं का, कळव. त्यांचे शब्द त्यांनाच शोधू देईन. माझे मात्र मी आवरणार नाही.

लोभ वाढवायला आता जागा नाही, आहे तो सांभाळ.
तुझी,
आई