टाकून दिलेल्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

कॅन्सरच्या गोळ्यांनी तळहात सोलवटले, मासळीची चवही गेली. म्हणून दीड महिना मी त्या गुपचूप टाकून देत होते. आज तपासणीत गाठ वाढलेली दिसली. "गोळ्या लागू पडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. तरी मी गप्पच. का?

येताना रिक्षात हे म्हणाले, "माझंच चुकलं. तुला वेळेवर देत नसेन." रोज जेटीवरून धावत येऊन मला गोळी काढून देणारा माणूस हा! मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

हे माझा अजून पुरता न भरलेला तळहात उघडून बघत राहिले. "इतकं दुखत होतं, तर मला का नाय सांगितलंस?"

डॉक्टरांना खरं सांगायला फोनही यांनीच लावला. मला तेवढाही धीर झाला नाही.