शेवंताबाईंचा सीटी स्कॅन

मंगळवार, संध्याकाळी सात

धंतोलीतल्या स्कॅन सेंटरमधून घरी आलो, पण चहासुद्धा गोड लागला नाही. पारशिवनीच्या शेवंताबाईंना कॅन्सर नाही. बायोप्सीत रीडेलचा थायरॉइडायटिस निघाला. यात गळ्यातली थायरॉइड ग्रंथी दाहाने लाकडासारखी घट्ट होते, पण पुष्कळदा गोळ्यांनी आवरते. आजार दुर्मीळ आहे, हे खरं. तरी महिन्यापूर्वी त्यांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर 'बहुधा कॅन्सर' मीच लिहिलं होतं. आज तो स्कॅन पुन्हा उघडला. शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊनही फिकी राहिलेली ग्रंथी, रक्तवाहिनीला पडलेला वेढा, आणि आसपास एकही गाठ नाही. हा कॅन्सर नसावा, अशी शंका यायला एवढं पुरेसं होतं. त्या दिवशी मी पाच मिनिटं तरी पाहिलं होतं का?

बाई आज सुनेची जुनी साडी नेसून आल्या होत्या.

"माही सारी लुगडी मी सुनायले वाटून टाकली, डॉक्टरसाहेब. म्हटलं, आता मले कायले लागते," म्हणाल्या आणि हसल्या.

सारी लुगडी. माझ्या एका ओळीवरून.

मग हात जोडून म्हणाल्या, "तुमी फोटो नीट पायला, म्हणून वाचली मी."

तो रिपोर्ट माझाच होता, एवढं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "गोळ्या वेळेवर घ्या, बाई." आणि मी तो नमस्कार घेतला.