पाद्र्याच्या बायकोचं नाव

लेटरकेनी, आयर्लंड

प्रिय आई, इथूनच वाकून नमस्कार.

पत्र लिहायचं टाळतच होते, कारण लिहिलं की भांडण निघेल हे ठाऊक होतं. मी बरी आहे, दादाकडे वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

इथला एक बॅप्टिस्ट पाद्री, रेव्हरंड ऑर, दीडशे वर्षांपूर्वी बायकोला घेऊन कॅनडाला गेला. तो आजारी पडल्यावर तिथलं चर्च तिनंच चालवलं. सध्या मी तिचीच माहिती शोधत असते. (कोर्सचं विचारू नकोस. आणि इथे मेंढ्यांच्या पाठीला निळा रंग फासतात! असो.) आता इथल्या चर्चमध्ये त्यांच्या आठवणीचा दगड बसतोय: 'रेव्हरंड ऑर आणि पत्नी'. तिच्या कॅनडातल्या पणतीला फोन करकरून मी नाव मिळवलं, मार्था. तर चर्चच्या कमिटीचे बॉइड म्हणतात, "'पत्नी' लिहिलं की झालं, इट्स ग्रँड!" (म्हणजे इथल्या बोलीत 'चालतंय की'.)

अस्सा संताप आला! मग तुझाही आला. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'नंदिनी' लिहिलं, आणि तू मुकाट्यानं कुंदाची नंदिनी झालीस. का गं?

उद्या दगड कोरायला घेणार आहेत. मी

थांब, बेल वाजली.

आई, दारात बॉइडांची बायको उभी आहे, एकटीच. म्हणते, "मी ऑड्री. त्या बाईचं नाव नीट लिहून दे. दगडवाल्याकडे मी जाते."

तुझी,
ईशानी