पेन्शन तेवढीच कशी?

प्रिय सूनबाई,

तुमच्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली, पण माझ्या हाताला हाच मायना येतो. चालवून घे.

मी बरी आहे, गुडघे कुरकुरतात एवढंच. परदेशात, तू आहेस तिथल्या सरकारी इस्पितळात मी एकवीस वर्षं नर्स होते, त्याची पेन्शन तिथल्या आपल्या दोघींच्या खात्यात पडते आणि तू ती इकडे पाठवतेस. मार्चमध्ये पेन्शन कचेरीचं पत्रक आलं: महागाईमुळे सलग दुसऱ्या वर्षी वाढ. मी पासबुक काढलं. सुरुवातीचा एक महिना सोडला तर दरमहा तीच रक्कम, एका पैशाचा फरक नाही. मनात पाल चुकचुकली. मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, ती तुला गुंडाळतेय. वाढ स्वतः ठेवते आणि जुनंच तुला देते."

मग मला सगळंच खटकायला लागलं. तू फोनवर "आई, प्रयोगशाळेत जादा पाळी आहे, पटकन बोला" म्हणायचीस. मला वाटायचं, टाळतेय. वाढीबद्दल आडून विचारलं, तर "पैसे वेळेवर मिळतात ना?" एवढंच म्हणालीस. तुझा नव्या कोटातला फोटो पाहिला आणि कोट कुणाच्या पैशातला, हे मी मनात ठरवूनही टाकलं. लिहिताना लाज वाटते.

परवा कचेरीकडून दोन वर्षांचा तपशील आला. बँकेतल्या मुलीने तो महिन्या-महिन्याच्या विनिमय दराशी ताडून पाहिला. तिथलं चलन इतकं घसरलंय, की वाढ धरूनही इकडे कमीच पैसे यायला हवे होते. ती म्हणाली, "आजी, यातून कुणी काढलेलं नाही. उलट कुणीतरी भर घातलीये."

तरी घरी येईपर्यंत माझं चाललेलंच, यात हिचा काय डाव असेल? जिन्यात आठवलं. घटस्फोटानंतरच्या पहिल्याच महिन्यात पैसे कमी आले होते आणि मी तुला फोनवर म्हणाले होते, "घटस्फोट माझ्या मुलाशी घेतलास, माझ्या पेन्शनशी का?" तू दराचं अवाक्षरही काढलं नाहीस. पुढच्या महिन्यापासून रक्कम हलली नाही. मी जिन्यातच बसले. शेजारीण विचारत होती, चक्कर आली का.

आता खरं ते. तो तपशील मिळावा म्हणून मी कचेरीत तुझ्याविरुद्ध तक्रार केली होती. पंधरा तारखेला ते तुला चौकशीला बोलावतील. तक्रार मागे घेतल्याचं पत्र मी त्यांना पाठवलंय, एक प्रत सोबत आहे, ती घेऊन जा. पेन्शन थेट माझ्या इथल्या खात्यात टाका, असाही अर्ज केलाय. दराप्रमाणे येईल तेवढ्यात भागवीन. पण तिथे तुझ्यापुढे माझ्या हस्ताक्षरातली तक्रारीची चार पानं ठेवतील. ती वाचू नकोस, असं म्हणायला मला तोंड नाही. त्यांच्याआधी हे एक पान तुझ्या हाती पडावं, म्हणून जलद टपालाने धाडतेय.

तुझीच,
आई