मागच्या डाव्या दाराची लढाई

३ मार्च, सोमवार

विमा कंपनीचं एस्टिमेट आलं. वाचून हसू आलं. गाडीचं मागचं डावं दार म्हणे ‘ठोकून सरळ होईल’. बंपर तेवढा नवा. रंग फक्त दाराला. म्हणजे एक दार चकचकीत आणि बाकीची गाडी त्याची गरीब नातेवाईक.

सर्व्हेयर आला तेव्हाच मला वास आला होता. हडकुळा माणूस. मोबाइलवर फोटो काढले, मग गाडी ज्याला लागली तो आमच्या बिल्डिंगच्या गेटचा खांब हलवून पाहिला आणि खांबाला काही झालं नाही म्हणाला. खांबाचा विमा कुणी काढलाय?

बायकोचं मत, देतायत ते घ्या आणि गाडी गॅरेजला टाका, आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचंय. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुक्काम आमच्याकडे. मी शांतपणे समजावलं, की खरेदी खात्यात आयुष्य घालवलेला माणूस समोरच्याचा पहिला आकडा कधीच मान्य करत नाही. ती म्हणाली, इथे तुम्ही खरेदी काय करताय?

नुसता शब्दांचा खेळ.

संकल्प: नवं दार, नवा बंपर, संपूर्ण गाडीला रंग. आठवडाभरात.

४ मार्च, मंगळवार

सकाळी कस्टमर केअरला फोन. बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक बाई आल्या. मी मुद्देसूद बोललो. माझी तक्रार त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. शेवटी म्हणाल्या, लेखी पाठवा.

लेखी मागतात म्हणजे घाबरले.

संध्याकाळी गॅरेजमध्ये. गॅरेजवाला दाराकडे बघून म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी त्याला बजावलं, हात लावायचा नाही, हा पुरावा आहे. मग इथे कशाला आणली, असं त्याने विचारलं. माणूस कामाचा, पण दूरदृष्टी नाही. लोंबणारा बंपर दोरीने बांधून गाडी परत घरी आणली.

६ मार्च, गुरुवार

डावं मागचं दार उघडायला सर्वांना बंदी. पोचा आहे तसाच राहिला पाहिजे.

एक छोटी अडचण. सासूबाईंचा पाय दुमडत नाही, त्यामुळे त्या डावीकडूनच आत शिरतात. उजव्या बाजूने त्यांना आधी पाठ आत घालून मग पाय ओढून घ्यावा लागला. मी खांद्याला धरून ओढत होतो, बायको पाय सांभाळत होती, वॉचमन सूचना देत होता. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, माझा पायसुद्धा पुरावा आहे का?

विनोदी स्वभाव. उद्यापासून टॅक्सीने जाणार म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

७ मार्च, शुक्रवार

पत्राचा पहिला मसुदा तयार. सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. घोरण्यासारखा आवाज आला, पण तो एकाग्रतेचाही असू शकतो.

रात्री चूक लक्षात आली. पत्रात खरं लिहिलंय, की गाडी हळूहळू मागे घेताना खांबाला लागली. अपघात एवढासा लिहिला तर पैसे एवढेसेच मिळणार. ‘हळूहळू’ काढून ‘प्रचंड वेगाने’ घातलं.

शिवाय माणुसकीची बाजू हवी. म्हणून लिहिलं: ‘माझी मान गेले वर्षभर मागे वळत नाही. डाव्या आरशातलं नीट दिसत नाही. अशा अवस्थेतल्या माणसाला हा धक्का किती जबर बसला असेल, याची कल्पना करावी.’

बायकोने वाचलं. म्हणाली, यात तुमच्याविरुद्धच लिहिलंय सगळं. तिला पत्रव्यवहाराचा अनुभव नाही.

पाठवलं.

११ मार्च, मंगळवार

कंपनीचा फोन. वरिष्ठ सर्व्हेयर स्वतः येणार.

सरळ वरिष्ठ. मधले सगळे माझ्या पत्राने गारद. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब ‘बरं’ म्हणाले. साहेबांच्या तोंडून एवढंही सहसा निघत नाही.

जेवणाच्या सुट्टीत रंगाचं कार्ड आणलं. गडद निळा की मोतिया, ठरत नाही. बायको म्हणाली, आईला आज टॅक्सी मिळाली नाही, व्यायाम बुडाला. एक दिवस बुडाल्याने काही होत नाही. मी तर वर्षानुवर्षं बुडवतोय.

१४ मार्च, शुक्रवार

वरिष्ठ सर्व्हेयर म्हणजे तिशीतल्या एक बाई. अतिशय नम्र. नम्र माणसाला वाकवणं सोपं.

वेग किती होता, असं त्यांनी विचारलं. मी चाळीस-पन्नास सांगितला. त्यांनी टेप काढून गाडीच्या जागेपासून खांबापर्यंतचं अंतर मोजलं. तिथे आमची गाडी जेमतेम मावते. एवढ्यात पन्नासचा वेग कसा गाठला, असा प्रश्न. मी म्हटलं, इंजिन उत्तम आहे.

मग मान वळवून दाखवा म्हणाल्या. मी थोडीशी हलवली आणि कण्हलो. तेवढ्यात बायकोने मागून चहाला हाक मारली. इथे मी कमाल केली. मान ताठ ठेवून अख्खा कपाटासारखा फिरलो. बाईंच्या चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसली.

त्यांनी विचारलं, सध्या गाडी कोण चालवतं? मीच, म्हटलं. मग मागे घेताना कसं कळतं? म्हटलं, अंदाजाने. त्यांनी ‘अंदाजाने’ हा शब्द जसाच्या तसा लिहून घेतला.

त्यांच्या कंपनीचंही सगळं अंदाजावरच चालतं. बाईंना ते झोंबलं असणार. बायको मात्र चहाचे कप उचलताना माझ्याकडे बघतही नव्हती.

१८ मार्च, मंगळवार

जिंकलो. कंपनीचं पत्र आलं. ‘आधीचे एस्टिमेट रद्द करण्यात येत आहे.’ स्पष्ट शब्दांत. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोला म्हटलं, याला म्हणतात वाटाघाट.

रात्री ९.३०

बायकोने कागदाची मागची बाजू वाचली. मान आणि डोळे वाहन चालवण्यास योग्य असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट येईपर्यंत काहीच मिळणार नाही. तोवर मी गाडी चालवली तर विमा लागू नाही.

म्हणजे विषय आता अगदी शेवटच्या टप्प्यात आलाय.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरांना योजना सांगितली. दोन सर्टिफिकेटं द्यायची. एकात मान गाडी चालवण्यापुरती चांगली, दुसऱ्यात नुकसानभरपाईपुरती वाईट. डॉक्टर म्हणाले, मान एकच आहे ना तुमची?

तपासली. मान ठणठणीत निघाली. लहान मुलासारखी वळते म्हणाले.

मग डोळे. समोरच्या तक्त्यावरची वरची दोन अक्षरं मी आत्मविश्वासाने सांगितली. तिथे एकच अक्षर होतं. डॉक्टरांनी नव्या चष्म्याचा नंबर दिला, आणि तो येईपर्यंत गाडीला हात लावू नका म्हणाले.

पत्रातली डोळ्यांची गोष्ट मी मनाने रचली होती. ती खरी निघेल असं वाटलं नव्हतं. मागे घेताना खांब दिसलाच नव्हता, हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

२१ मार्च, शुक्रवार

बायकोने परस्पर त्या वरिष्ठ सर्व्हेयर बाईंना फोन केला. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. काही हरकत नव्हती, पण दोघी हसत होत्या. बायको सांगत होती, गाडी गोगलगायीच्या चालीने येत होती. मान सगळीकडे वळते, फक्त स्वतःच्या चुकीकडे वळत नाही. झाली चूक, माफ करा, आईच्या पायाचा प्रश्न आहे.

असं सगळं उघडं करून कुणी वाटाघाट करतं का?

आधीचं एस्टिमेट पुन्हा मंजूर. बंपर सोडून. दोरीने त्यावर नव्या भेगा पडल्या, त्या अपघातातल्या नाहीत. बंपर आमच्या खर्चाने. मी याविरुद्ध अपील करायचं ठरवत होतो. बायकोने पेन काढून घेतलं.

२४ मार्च, सोमवार

गॅरेजवाल्याने दार अर्ध्या दिवसात सरळ केलं. रंगही जुळला. बारकाईने पाहिलं, फरक सापडला नाही. अर्थात, चष्मा अजून यायचाय.

बायकोकडे लायसन्स आहे. लग्नाआधीचं, वेळोवेळी रिन्यू केलेलं. आजवर मीच तिला रहदारीपासून जपलं. आज तिने सासूबाईंना डावीकडून अलगद बसवलं आणि गाडी मागे घेतली. मी खांबाजवळ उभा राहून येऊ दे, येऊ दे करत होतो. तिने काच खाली करून सांगितलं, बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येताय.

एका दमात बाहेर काढली. वॉचमनने तिला सलाम केला. मला कधी करत नाही.

२७ मार्च, गुरुवार

बसने ऑफिसला.

साहेबांनी विचारलं, त्या विम्याचं काय झालं? म्हटलं, मिटलं. वाढवून मिळाले का? म्हटलं, रद्द झालं होतं, बायकोने एका फोनवर परत आणलं. साहेबांनी मला खुर्चीत बसवलं आणि ती नक्की काय बोलली ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, आपल्या खात्यात एक जागा रिकामी होतेय, तुमच्या मिसेसना विचारून बघा.

कुणाची जागा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही.