सोमवार-गुरुवारचे व्याही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ ऑक्टोबर २०२५

श्री. हनोखराव व्याही यांस,
स. न. वि. वि.

कळविण्यास अत्यंत दुःख होते की काल, ऐन भाऊबीजेला, आमचा चकलीचा डबा बंद राहिला. तोरेची पोथी निसटली अलिबागला, तुमच्या हातून; उपाशी मात्र मी, कोल्हापुरात!

जावयांनी आम्हां दोघांना तुमच्या सिनेगॉगमधल्या सणाला हौसेनं बोलावलं. वर्षभराचं वाचन संपवायचं, लगेच पहिल्यापासून सुरू करायचं, आणि पोथी घेऊन नाचायचं! तीस वर्षं संस्कृत शिकवतोय. पुस्तक संपलं म्हणून नाचलेली मुलं पाहिली. पुन्हा सुरू करायचं म्हणून नाचलेलं कुणी नाही.

मग ती पडली. पाडणाऱ्यानं आणि पाहणाऱ्यानंही उपास धरावा, हा रिवाज तुम्हीच सांगितलात. तुम्ही सोमवार-गुरुवार धरलेत. पाहिलं आमच्या सौभाग्यवतीनं, त्रिशलानंही, म्हणून तिनंही धरले, तेही नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. म्हणते की पावणं उपाशी आणि आपण चकल्या मोडायच्या व्हय?

आमची ऐश्वर्या कळवते की तुम्ही मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहता. खरं का?

लोभ आहेच, तो तरी उपाशी ठेवू नये.

आपला,
बापूसो उपाध्ये

अलिबाग
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापूसाहेब,
शालोम.

तुमच्या मुलीनं चुगली केलीच. आमच्या सुनेला घरात काही लपत नाही.

मी चहा-बिस्किटावर भागवणार होतो. मंडळीतले वडीलधारेही म्हणाले, मधुमेह असेल तर उपास नको, त्याऐवजी रोज तोरेतला एक भाग वाच. पण विहीणबाई नुसत्या पाण्यावर आहेत हे कळलं आणि लाज वाटली. पडली माझ्या हातून, आणि बिस्किटं मी खाऊ? आता मी पाणीही सोडलंय. गुरुवारी जरा घेरी आली. पायरीवर बसलो, गेली.

त्रिशलाताईंना सांगा, आम्ही हरणार नाही. माया राहू द्या.

तुमचा,
हनोख वाकरूळकर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
७ नोव्हेंबर २०२५

श्री. हनोखराव यांस,
स. न. वि. वि.

उपासात जैनांशी चढाओढ लावू नका. त्यात आमची पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम आहे.

तुमची तोरा मराठीत मिळवली नि वाचली. त्यातल्या लेवीय नावाच्या पुस्तकात स्पष्ट आहे की हे नियम माणसानं पाळावेत आणि त्यांच्या योगानं जगावं. तुमच्या पंडितांनी त्यावर टीका लिहिली की जगावं, मरू नये! आमच्याकडेही उत्सर्गाला, म्हणजे सर्वसाधारण नियमाला, अपवाद असतो. एवढी चोख टीका असताना पाणी सोडणारा माणूस धार्मिक म्हणावा की नापास, ते तुम्हीच ठरवा.

तुमचं पत्र त्रिशलानं वाचलं. मग म्हणाली की माझ्यापायी पावण्यांना घेरी आली, हे कसलं पुण्य? काल, गुरुवारी, तिनं सकाळीच पोहे केले नि खाल्ले. तुम्ही जेवलात असं ऐश्वर्यानं कळवलं की मगच पुढच्या सोमवारी जेवीन, असं मात्र बजावलंय.

वडीलधाऱ्यांचा मार्ग धरू. तुमच्याकडे पोथी जोडीनं, भांडत वाचतात म्हणे. रोज संध्याकाळी फोन लावेन. एक भाग तुम्ही वाचा, शंका मी काढीन. भांडायला मी तयारच आहे.

आता थट्टा पुरे. पोथी पडायच्या आधी तुमचा उजवा हात लुळा पडलेला मी पाहिला. बोटं पोथीच्या पेटीवर होती, पण धरत नव्हती. पापाचं मला काही कळत नाही. तो हात उद्याच डॉक्टरला दाखवा. मला फार भीती वाटते आहे.

आपला,
बापूसो